फोरहँड आणि रबर : टेबल टेनिसमधील एका निवडीचा इतिहास

फेब्रुवारी १९५२ मध्ये मुंबईस जागतिक टेबल टेनिस स्पर्धा भरली. आशिया खंडात भरलेली ही पहिलीच जागतिक स्पर्धा. या खेळाच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा एकाच वाक्यात उरकला जातो. जपानचा हिरोजी सातो स्पंज लावलेली बॅट घेऊन आला, पुरुषांचे एकेरी अजिंक्यपद जिंकून गेला आणि त्या दिवसापासून जुना खेळ संपला, असे ते वाक्य आहे. त्यात घटना खरी आहे. कारणमीमांसा मात्र तपासून पाहण्याजोगी आहे. एखादे नवे साधन आले आणि त्याने आपल्या बळावर जुनी कला मोडून काढली, ही कल्पना इतिहासलेखनाला नेहमीच मोह घालते, कारण तीत माणसांचा हिशेब मांडावा लागत नाही. टेबल टेनिसच्या बाबतीत हा हिशेब मांडू गेल्यास प्रश्न वेगळ्या रूपात पुढे येतो : रबराने फोरहँडचा फटका घडविला, की फोरहँडच्या पद्धतीने आपल्या सोयीचे रबर निवडले?

या प्रश्नाला १९५२ पूर्वी फारसा अर्थच नव्हता, कारण निवड करावयास काही उपलब्ध नव्हते. लाकडी फळीवर दाणेदार रबराचा एक पातळ थर चिकटविला की बॅट सिद्ध होई. हे रबर बॅटीवर कसे आले याविषयी एक कथा सांगितली जाते. १९०२ च्या सुमारास गुड नावाच्या एका इंग्रज खेळाडूने औषधांच्या दुकानात सुटे पैसे ठेवण्यासाठी मांडलेली दाणेदार रबराची चटई पाहिली आणि ती कापून आपल्या बॅटीस लावली, अशी ही कथा. ती अक्षरशः खरी असो वा नसो, १९२६ मध्ये आंतरराष्ट्रीय टेबल टेनिस महासंघ स्थापन झाल्यानंतरच्या पाव शतकात सारे मोठे खेळाडू या एकाच जातीच्या रबराने खेळले. (महासंघाच्या संस्थापक सभासद देशांत भारताचाही समावेश होता, हे येथे जाता जाता नमूद करण्यास हरकत नाही.)

या रबराचा गुणधर्म साधा होता. चेंडू केवळ दाण्यांच्या टोकांना स्पर्श करी, त्यामुळे बॅट व चेंडू यांची गाठ अल्पकाळ पडे आणि चेंडूस देता येणारी फिरकी मर्यादित राही. फोरहँडने आक्रमण करावयाचे तर हात लांबवर नेऊन सपाट व जोरकस फटका मारावा लागे आणि तो एकदा मारून भागत नसे. टेबलापासून दूर उभा राहून चॉप करणारा प्रतिस्पर्धी तो फटका पुनःपुन्हा परत करीत राही. व्हिक्टर बार्नाने १९३० ते १९३५ या काळात पाच वेळा, तर रिचर्ड बर्गमनने १९३७ ते १९५० या काळात चार वेळा एकेरीचे जागतिक पद मिळविले. बार्नाची ख्याती आक्रमणासाठी आणि बर्गमनची बचावासाठी होती, परंतु दोघांच्या बॅटीवरील रबरात तत्त्वतः भेद नव्हता. फरक होता तो हातात आणि स्वभावात. बचाव किती चिवट होऊ शके याची परिसीमा १९३६ मध्ये प्राग येथे दिसून आली. एर्लिख आणि पानेथ यांच्या सामन्यातील पहिला गुण ठरावयास दोन तासांहून अधिक वेळ लागला. पुढल्याच वर्षी बाडेन येथे महिला एकेरीचा अंतिम सामना वेळेच्या मर्यादेत न संपल्याने पद रिक्त ठेवण्यात आले. दोन्ही खेळाडूंना संयुक्त विजेत्या म्हणून मान्यता मिळाली ती २००१ साली, म्हणजे चौसष्ट वर्षांनी. महासंघाने त्या वेळी जाळ्याची उंची कमी करून आक्रमणास वाव दिला. रबरास हात लावण्याचे तेव्हा कोणाला सुचले नाही.

आता मुंबईकडे वळू. सातोच्या बॅटीवर दाणेदार रबर नव्हतेच. तेथे जाड, मऊ स्पंज होता. चेंडू स्पंजात रुतून मग बाहेर फेकला जाई. त्याचा वेग आणि मार्ग या दोहोंचा अंदाज समोरच्या खेळाडूस येत नसे. त्याहूनही त्रासदायक बाब म्हणजे आवाज नाहीसा झाला. दाणेदार रबरावर चेंडू आदळताना होणाऱ्या ध्वनीवरून फटक्याचा जोर ओळखण्याची सवय त्या पिढीच्या कानांना जडलेली होती. स्पंजाने ही खूण पुसून टाकली. अमेरिकेचा मार्टी रिझमन मुंबईत सातोकडून हरला. त्या पराभवाची सल त्याने आयुष्यभर बाळगली. त्याच्या दृष्टीने बॅट आणि चेंडू यांच्यातील संवाद हाच या खेळाचा आत्मा होता आणि स्पंजाने तो संवाद बंद पाडला. विशेष म्हणजे १९९७ मध्ये, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतील जुन्या पद्धतीच्या बॅटीची राष्ट्रीय स्पर्धा जिंकून त्याने आपल्या निष्ठेचा पुरावाही दिला.

रिझमनची साक्ष मोलाची आहे, पण ती पराभूताची साक्ष आहे हे विसरता कामा नये. सातो हा कौशल्याने सामान्य असून बॅटीने त्यास विजयी केले, असा तिचा रोख आहे. हे अर्धेच मान्य करता येते. मुंबईतील सातही अजिंक्यपदांची यादी समोर ठेवली म्हणजे चित्र पालटते. अंतिम सामन्यात सातोने हंगेरीच्या योझेफ कोत्सियानचा पराभव केला हे खरे, पण पुरुषांचे सांघिक विजेतेपद त्याच दिवसांत हंगेरीने पटकाविले. महिला एकेरी रुमानियाच्या अँजेलिका रोझेआनूकडे राहिली. १९५० पासून १९५५ पर्यंत सलग सहा वर्षे ती कोणासही हरवता आली नाही, म्हणजे स्पंजाच्या आगमनानंतरही तिचे स्थान अबाधित होते. मिश्र दुहेरीही रोझेआनू व हंगेरीचा शिदो यांनी मिळविली. जपानने चार पदे नेली. त्यांत महिलांचे सांघिक विजेतेपद, तसेच पुरुष व महिला दुहेरीची पदे आहेत. एका माणसाच्या बॅटीवर एवढा सगळा भार टाकता येणार नाही. जपानचा संघ प्रथमच या स्पर्धेत उतरला होता आणि तो तयारीने उतरला होता, ही गोष्ट स्पंजाच्या कथेत झाकली जाते.

शिवाय सातोचे पुढे काय झाले? त्यास पुन्हा जागतिक एकेरी पद मिळाले नाही. साधन तेच राहिले, नवलाई गेली, आणि नवलाईबरोबर त्याची धारही बोथट झाली. सातोच्या खेळात स्पंजाने मुख्यतः प्रतिस्पर्ध्याच्या जोराचेच उट्टे काढले. आलेला वेग परत फिरविणे हे त्याचे सामर्थ्य होते. स्वतःचा असा फोरहँड त्यामागे उभा नसेल तर हे सामर्थ्य समोरच्याच्या अनभिज्ञतेवर जगते, आणि अनभिज्ञता फार काळ टिकत नाही.

तो फोरहँड उभा केला इचिरो ओगिमुराने. १९५३ मध्ये बुखारेस्टच्या स्पर्धेस जपान नव्हता आणि एकेरीचे पद शिदोकडे गेले. १९५४ मध्ये लंडनच्या वेंब्ली येथे एकवीस वर्षांच्या ओगिमुराने स्वीडनच्या फ्लिसबर्गला अंतिम सामन्यात हरविले. १९५५ व १९५७ ची पदे तोशिआकी तनाकाने, तर १९५६ चे पद पुन्हा ओगिमुराने मिळविले. पुरुषांचे सांघिक विजेतेपद १९५४ पासून १९५९ पर्यंतच्या पाचही स्पर्धांत जपानकडे राहिले. या सातत्याचे स्पष्टीकरण स्पंजात शोधणाऱ्याने जपानी खेळाडूंच्या पायांकडे पाहिलेले नसते.

जपानी खेळाडू बॅट लेखणीप्रमाणे धरीत. या पकडीत बॅटीच्या एकाच बाजूने खेळावयाचे असते आणि बॅकहँडचा फटका आखूड व दुबळा राहतो. ही उणीव भरून काढावयाची तर टेबलाचा डावा कोपराही धावत जाऊन फोरहँडनेच सांभाळावा लागतो. ओगिमुराच्या सरावात बेडूकउड्या मारणे व धावणे यांस एवढे महत्त्व होते ते याचसाठी. युरोपियन खेळाडूचा फोरहँड खांद्यातून येई. जपानी खेळाडूचा फोरहँड टाचेपासून निघे आणि कमरेच्या वळणाने हातात उतरे. अशा फटक्यास लागणारे रबर निराळे असते. मागे न सरता, आलेल्या चॉपखाली बॅट नेऊन चेंडू वर उचलून पुढे ढकलावयाचा असेल तर बॅटीने तो क्षणभर धरून ठेवला पाहिजे. हे धरून ठेवणे दाणेदार रबरास जमत नव्हते, स्पंजास जमत होते. धावणारा फोरहँड जपानच्या लेखणी-पकडीतून आधीच निर्माण झाला होता. स्पंजामध्ये त्यास आपले साधन सापडले. सातोच्या हातात जी युक्ती होती ती ओगिमुराच्या हातात पद्धती झाली, असे म्हणता येईल.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा खेळपट्टीवरचा नसून सभागृहातला आहे. स्पंजावर बंदी घालावी की नाही याविषयी महासंघात काही वर्षे वाद चालू राहिला. १९२६ पासून अध्यक्षपदी असलेल्या आयव्हर माँटेग्यू यांच्या कारकीर्दीतील हा कदाचित सर्वांत अवघड वाद असेल. एका बाजूस रबरावर हयात घालविलेली पिढी होती, दुसऱ्या बाजूस स्पंजावर जिंकणारे जपानी होते, आणि मध्ये प्रेक्षक. १९५९ मध्ये जो निर्णय झाला तो तडजोडीचा होता. उघडा स्पंज निषिद्ध ठरला. साधे दाणेदार रबर २ मिलिमीटरपर्यंत जाड असावे. स्पंजावर रबराचा थर चढविलेला असल्यास दोन्ही मिळून जाडी ४ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. आणि वरच्या रबराचे दाणे बाहेर ठेवावेत की आत वळवावेत हे खेळाडूने ठरवावे. या तरतुदी मुळात आजही लागू आहेत.

त्यांचे ऐतिहासिक महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. १९५२ पूर्वी सर्वांचे रबर एकच होते आणि १९५२ ते १९५९ या काळात कोणाच्या बॅटीवर काय असेल याचा नेम नव्हता. ‘आपल्या फोरहँडला कोणते रबर योग्य?’ हा प्रश्न आज कोणत्याही क्रीडासाहित्याच्या दुकानात ऐकू येतो. त्याला अर्थ प्राप्त झाला तो १९५९ च्या या नियमाने, कारण मोजक्या आणि मान्य पर्यायांतून निवड करणे त्यानंतरच शक्य झाले. नियमाने निवड नष्ट केली असे रिझमनच्या पिढीस वाटले. प्रत्यक्षात निवड त्यातूनच जन्मास आली.

या निवडीस दोन देशांनी दोन उत्तरे दिली. चीनने दाणे बाहेर ठेवले. स्पंजावरचे आखूड दाणे चेंडूस थोडे रुतू देतात आणि लगेच सोडून देतात. आलेल्या फिरकीचा त्यांच्यावर परिणामही कमी होतो. टेबलालगत उभे राहून, चेंडू टप्पा खाऊन वर येत असतानाच, आखूड हालचालीने फोरहँड मारणाऱ्यास हेच हवे असते. झ्वांग झदोंगचा खेळ या जातीचा होता. तो दोन्ही बाजूंनी असेच आक्रमण करी. जपानने दाणे आत वळविले. गुळगुळीत पृष्ठभागाचा चेंडूशी संपर्क मोठा असतो. त्यावर चेंडू ठोकण्याऐवजी घासता येतो. या घासण्यातून १९६० च्या सुमारास लूप या नावाचा फटका पुढे आला. खालून वर जाणाऱ्या या फोरहँडने चेंडूस इतकी पुढची फिरकी मिळे की तो टेबलावर वाकून पडे आणि बॅटीस लागताच वर उसळे. चॉपवर उपजीविका करणाऱ्या युरोपियन खेळाडूंची या फटक्यासमोर दैना झाली.

दोन्ही उत्तरांची गाठ १९६१ मध्ये बीजिंगला पडली. लूपची वार्ता चीनमध्ये आधीच पोहोचली होती आणि आपल्याच काही खेळाडूंना त्या फटक्याची नक्कल करावयास लावून चिनी संघाने सराव केला होता. सांघिक अंतिम सामन्यात चीनने जपानला ५–३ असे हरविले. एकेरीत झ्वांगने ली फुरोंगवर विजय मिळविला, आणि १९६३ व १९६५ मध्ये त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध त्याची पुनरावृत्ती केली. यावरून बाहेरचे दाणे श्रेष्ठ ठरले असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. १९६७ मध्ये जपानचा नोबुहिको हासेगावा आणि १९६९ मध्ये शिगेओ इतो विजयी झाले, तेव्हा याच्या उलट निष्कर्ष निघू लागला. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. १९६७ व १९६९ च्या स्पर्धांत चीन उतरलाच नव्हता. सांस्कृतिक क्रांतीच्या वावटळीत तेथील खेळ ठप्प झाला होता आणि १९५९ मध्ये चीनला पहिले जागतिक अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या रोंग ग्वोत्वानने १९६८ मध्ये छळास कंटाळून आत्महत्या केली होती. ज्या स्पर्धेत एक पक्षच गैरहजर आहे तिचा निकाल रबरांच्या तुलनेचा पुरावा म्हणून वापरता येत नाही. विजेत्यांच्या याद्यांवरून साधनांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ही सावधगिरी क्वचितच बाळगली आहे.

हासेगावाबाबत एक निराळी गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तो जपानी असून युरोपियनांप्रमाणे, हस्तांदोलनात हात धरावा तशी बॅट धरी. या पकडीत बॅटीच्या दोन्ही बाजू वापरात येतात. त्यामुळे दोन बाजूंस दोन प्रकारची रबरे लावण्याची वाट मोकळी होते. ‘फोरहँडचे रबर’ ही स्वतंत्र संज्ञा अशा दुबाजू बॅटीशीच सुसंगत आहे. एकाच बाजूने खेळणाऱ्या लेखणी-पकडीच्या खेळाडूस तिचा उपयोग नव्हता. लूप आणि ही पकड यांचा संयोग युरोपने सत्तरीच्या दशकात पूर्णतेस नेला. १९७५ मध्ये कलकत्त्यास भरलेल्या स्पर्धेत हंगेरीच्या इश्तवान योनियेरने अंतिम सामन्यात युगोस्लाव्हियाच्या स्तिपांचिचविरुद्ध पहिले दोन डाव गमावूनही विजय मिळविला, तो टेबलापासून मागे सरून मारलेल्या फोरहँड लूपच्या जोरावर. भारतात भरलेल्या या दोन जागतिक स्पर्धा अशा रीतीने या इतिहासाच्या दोन टोकांस उभ्या आहेत. मुंबईत हंगेरियन खेळाडू स्पंजापुढे हरला, आणि तेवीस वर्षांनी कलकत्त्यात हंगेरियन खेळाडू स्पंजाच्याच बळावर जिंकला.

पुढील काळातील बदल थोडक्यात सांगता येतात. दोन बाजूंस एकाच रंगाची, पण भिन्न गुणांची रबरे लावून खेळता खेळता बॅट फिरविण्याची क्लृप्ती फैलावली. तिला आळा घालण्यासाठी ऐंशीच्या दशकात बाजूंचे रंग भिन्न करण्यात आले आणि १९८६ पासून एक तांबडी व एक काळी बाजू सक्तीची झाली. (२०२१ पासून तांबड्याऐवजी अन्य काही रंगांस मुभा आहे, काळा मात्र कायम आहे.) खेळण्यापूर्वी ताजा गोंद लावून स्पंज फुगविण्याची प्रथा तीस वर्षे चालली. या गोंदातील बाष्पे आरोग्यास घातक म्हणून २००८ मध्ये तिच्यावर बंदी आली. २००० मध्ये चेंडूचा व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर झाला, २०१४ पासून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचे चेंडू आले, आणि दोन्ही वेळा फिरकी घटली. घटलेली फिरकी भरून काढण्याचा भार अर्थातच रबरावर आणि हातावर पडला.

गुळगुळीत रबरातही आज दोन कुळे स्पष्ट दिसतात. जपानी व जर्मन घराण्याचे रबर लवचीक असते. मध्यम वेगाच्या हातासही ते चेंडू झेपावून देते. चिनी घराण्याचे रबर वरून चिकट आणि आतल्या स्पंजाने कठीण असते. ते आपण होऊन काही देत नाही; पाय, कंबर व हात यांचा पूर्ण जोर एकवटला तरच त्यातून फिरकी आणि वेग दोन्ही निघतात. नवशिक्याने मोठ्या खेळाडूच्या बॅटीवरील चिनी रबर विकत घ्यावे आणि चेंडू जाळ्यापलीकडे जाईना म्हणून हळहळावे, हा प्रकार सर्वत्र आढळतो. फोरहँडच्या रबराची निवड बॅकहँडपासून तोडूनही करता येत नाही. मनिका बात्राने २०१८ च्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविले तेव्हा तिच्या बॅकहँडला लांब दाण्यांचे रबर होते. त्याने समोरच्याचा ताल बिघडवावयाचा आणि फोरहँडने गुण घ्यावयाचा, अशी ही श्रमविभागणी आहे.

आखूड दाण्यांचा फोरहँड मात्र अनेकांच्या समजुतीप्रमाणे लयास गेलेला नाही. लिऊ ग्वोल्यांगने त्याच्या आधारे १९९६ चे ऑलिंपिक सुवर्णपदक व १९९९ चे जागतिक पद मिळविले. बुडापेस्ट येथे २०१९ मध्ये एकेरीच्या अंतिम सामन्यात एका बाजूस चीनचा मा लोंग होता. त्याच्या फोरहँडला चिकट, कठीण चिनी रबर होते. दुसऱ्या बाजूस स्वीडनचा मातियास फाल्क होता. फाल्क फोरहँडला आखूड दाणे आणि बॅकहँडला गुळगुळीत रबर लावतो, म्हणजे रूढ मांडणी त्याने उलटी केली आहे. उंच, लांब हातांच्या या खेळाडूचा फोरहँड मुळातच सपाट व ठोकून मारण्याच्या वळणाचा आहे. सामना मा लोंगने ४–१ असा जिंकला आणि त्याचे एकेरीचे हे सलग तिसरे जागतिक पद ठरले. फाल्कने त्यानंतरही आपले दाणे बदलले नाहीत.